सीमाभागात संगीताचे नियतकालिक: वाचक कसा निवडावा, नाव कसे रुजवावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात गाण्याला तोटा नाही. सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले, गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर. बेळगावात राहून पं. रामभाऊ विजापुरे यांनी हार्मोनियमवादकांच्या पिढ्या घडवल्या. गावोगावी भजनी मंडळे आहेत, शहरात गायन-वादनाचे वर्ग भरलेले आहेत. अशा भागात संगीतावर नियतकालिक काढायचे ठरले की चर्चा लगेच लेखकांच्या यादीकडे वळते. लेख मिळतात, पहिल्या अंकाला जाहिरातीही मिळतात. अडते ते दुसऱ्या वर्षाची वर्गणी गोळा करताना, आणि त्या अडचणीचे मूळ बहुतेक वेळा पहिल्या अंकाआधीच्या एका निर्णयात असते: हा अंक नेमका कोणासाठी?

वाचक संगीतप्रकारावरून ठरवू नका

‘शास्त्रीय संगीताला वाहिलेले’, ‘भक्तिसंगीताचे’ अशी ओळख प्रकाशकाला सोयीची वाटते, पण त्यातून अंकात काय छापायचे हे कळत नाही. त्याऐवजी विचारा: अंक हातात आल्यावर माणूस त्याचे काय करणार? त्यावरून म्हणणार, शिकणार, शिकवणार, निवांत वाचणार की काही विकत घेणार?

जगातली टिकलेली संगीत मासिके पाहिली तर हेच दिसते. ‘ग्रामोफोन’ १९२३ मध्ये लंडनला सुरू झाले. त्याच्या वाचकाने यंत्र घेतलेले होते आणि आता कोणती तबकडी घ्यावी हे त्याला हवे होते. ‘स्मॅश हिट्स’ने १९७८ पासून गाण्यांचे शब्द छापले, कारण शाळकरी मुलांना ती गाणी म्हणायची होती. ‘क्यू’ १९८६ मध्ये आले, कॉम्पॅक्ट डिस्क घराघरांत शिरत असताना, आणि त्याने कमावत्या, डिस्क विकत घेणाऱ्या प्रौढ श्रोत्याला धरले. ‘मोजो’ने १९९३ मध्ये जुन्या रॉकचा इतिहास तपशिलाने वाचणाऱ्याला. धडधडीत आवाजाचे ‘हेवी मेटल’ ऐकणाऱ्यांसाठी ‘केरँग’ होते. यांतली शेवटची चारही मासिके पुढे ‘ईमॅप’ या एकाच प्रकाशनसंस्थेकडे होती. वयाच्या आणि आवडीच्या प्रत्येक पायरीवर तिने वेगळे मासिक ठेवले, सगळ्यांना एका अंकात कोंबले नाही. आपल्याकडे पाच मासिके काढण्याची ऐपत नसते, म्हणून पाचांतली एक पायरी निवडणे आपल्याला अधिकच गरजेचे आहे.

सीमाभागात साधारण पाच गट दिसतात.

पहिला गट भजनी मंडळांचा, आणि आमच्या मते या भागात सर्वांत दुर्लक्षित व सर्वांत भरवशाचा. बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग आणि खानापूर इथे एकादशी, हरिनाम सप्ताह, पारायण, काकडा हे वर्षभर चालू असते. मंडळाला लागतात ते शुद्ध पाठाचे अभंग, चालीचा स्वर कुठून उचलायचा याची खूण, पखवाजाचा ठेका, गौळण आणि भैरवीचा क्रम. अंक एक येतो आणि दहा-पंधरा जणांच्या हातांतून जातो. पैसे एक माणूस देत नाही, मंडळाचा खजिनदार देतो, तेही सगळ्यांच्या संमतीने. म्हणजे निर्णय उशिरा होतो, पण एकदा झाला की वर्गणी सहसा तुटत नाही.

दुसरा गट परीक्षार्थी आणि शिक्षकांचा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. काही विद्यार्थी कर्नाटक शासनाच्या ज्युनिअर, सीनियर, विद्वत परीक्षांनाही बसतात. या वाचकाला रागाची माहिती, स्वरलिपी, ताललेखन आणि लेखी परीक्षेची तयारी हवी असते. पैसे पालक देतात आणि ते परीक्षेला उपयोग आहे का एवढेच पाहतात.

तिसरा गट टिळकवाडी, कॅम्प, शहापूर भागातल्या बैठकीला जाणाऱ्या श्रोत्यांचा. त्यांना दीर्घ लेख, आठवणी, नाट्यसंगीताची चर्चा आवडते. वर्गणी वेळेवर येते; संख्या मात्र वाढत नाही. चौथा गट तरुणांचा: ढोल-ताशा व झांज पथके, ऑर्केस्ट्रा, कीबोर्ड, घरगुती रेकॉर्डिंग. हा वर्ग छापील अंक क्वचित घेतो, पण साहित्य सतत खरेदी करतो. पाचवा गट धंद्यातल्या माणसांचा: तबला-पखवाजाची पुडी चढवणारे, पेटी दुरुस्त करणारे, ध्वनिक्षेपक भाड्याने देणारे. ते वाचक कमी आणि जाहिरातदार जास्त.

पाचही गटांना आठ-आठ पाने वाटून देणे ही नेहमीची चूक आहे. प्रत्येकाला चाळीस पानांपैकी आठच पाने आपली वाटतात आणि बत्तीस पानांचे पैसे फुकट गेले असे वाटते. एक गट मुख्य धरा, त्याला दोनतृतीयांश पाने द्या. त्याच्याशी नाते असलेला दुसरा गट जोडीला घ्या. भजनी मंडळ आणि परीक्षार्थी ही जोडी इथे चांगली जुळते, कारण मंडळातल्या अनेक घरांतली मुले पेटी-तबला शिकत असतात. पुढचे सगळे विवेचन याच जोडीला धरून आहे.

भाषेचा प्रश्न इथेच मिटवा. सीमाभागातली बरीच मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी त्यांची बोलीभाषा आहे, पण छापील मराठी ती सावकाश वाचतात. लेखाचा परिच्छेद लहान ठेवा, टंक मोठा ठेवा, पारिभाषिक शब्दाचा अर्थ पहिल्यांदा येईल तिथेच सांगा. कन्नड संगीत परके मानू नका. पं. भीमसेन जोशींची संतवाणी आणि दासवाणी इथल्या एकाच घरात ऐकली जाते. पुरंदरदासांचे पद किंवा बसवण्णांचे वचन देवनागरीत, मराठी अर्थासह दिले तर हा अंक इथलाच आहे हे सांगावे लागत नाही. पुण्या-मुंबईच्या अंकाला हे जमणार नाही.

छपाईआधीची पडताळणी

‘असा अंक काढला तर घ्याल का?’ हा प्रश्न विचारू नका. तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. त्याऐवजी गेल्या वर्षी संगीतावर कशाकशाला किती खर्च केला, नवा अभंग बसवायचा असेल तर शब्द आणि चाल कुठून घेता, मुलांच्या परीक्षेची पुस्तके कुठे मिळतात, असे घडलेल्या गोष्टींचे प्रश्न विचारा. निदान चाळीस जणांशी बोला: पंधरा मंडळे, पंधरा पालक-विद्यार्थी, दहा शिक्षक. बोलणी एकाच गावात उरकू नका. येळ्ळूरचे उत्तर आणि निपाणीचे उत्तर वेगळे येते. निपाणी-चिकोडीकडे कोल्हापूरचा ओढा आहे, अथणीकडे मिरज-सांगलीचा, खानापूरकडे बेळगावचा.

मग सोळा पानांचा नमुना अंक काढा. साध्या डिजिटल छपाईवर शंभर-सव्वाशे प्रती पुरतात. नमुना देताना वार्षिक वर्गणीची पावती पुढे करा. आमचा ठोकताळा असा: पहिला खरा अंक छापण्याआधी दीडशे आगाऊ वर्गण्या हातात हव्यात. तोंडी होकार मोजायचे नाहीत. दीडशे झाल्या नाहीत तर अंक लांबवा, नमुना बदला आणि पुन्हा फिरा.

नाव आणि नोंदणी

नाव तीन-चार अक्षरांचे, एका दमात उच्चारता येणारे आणि कन्नड लिपीतही तसेच लिहिता येणारे असावे. टपाल, बस पार्सल, छापखाना सगळीकडे ते दोन लिप्यांतून फिरणार आहे. ‘स्वर’, ‘नाद’, ‘सूर’ हे शब्द इतके वापरले गेले आहेत की त्यांवरून अंक वेगळा आठवत नाही. नोंदणीतही ते अडतात.

प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ हा १ मार्च २०२४ पासून लागू आहे. १८६७ चा जुना कायदा त्याने बाजूला केला. शीर्षक आणि नोंदणी यांचा अर्ज आता प्रेस सेवा पोर्टलवर एकत्र होतो. शीर्षकाची अट सीमाभागाला विशेष लागते: देशात कुठेही त्याच भाषेत तेच किंवा मिळतेजुळते नाव चालत नाही आणि त्याच राज्यात कोणत्याही भाषेतल्या नियतकालिकाचे तसे नाव असले तरी चालत नाही. म्हणजे बेळगावातून मराठी अंक काढताना महाराष्ट्रातली मराठी शीर्षके तपासावी लागतातच, शिवाय कर्नाटकातली कन्नड शीर्षकेही. ‘संगीत’, ‘नाद’, ‘गान’ असे संस्कृत शब्द कन्नडमध्येही तसेच वापरात असल्याने नकार इथूनच येतो. पाच पर्याय तयार ठेवा. जिल्हा पातळीवरच्या अधिकाऱ्याला म्हणणे मांडायला साठ दिवसांची मुदत असते, तेव्हा ठरलेल्या प्रकाशनाआधी किमान चार महिने अर्ज करा. छपाई कोल्हापुरात आणि प्रकाशन बेळगावात असेल तर तसेच अर्जात लिहा, आणि प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे व दोन्ही ठिकाणे जुळवून छापा.

अंक कसा बांधायचा

आकार क्राउन चतुर्थांश, म्हणजे दिवाळी अंकांचा ओळखीचा सव्वासात बाय साडेनऊ इंच. आतली चाळीस पाने सत्तर जीएसएम (कागदाच्या जाडीचे माप) मॅपलिथोवर, म्हणजे साध्या, न चमकणाऱ्या कागदावर, मुखपृष्ठ दोनशे वीस जीएसएम आर्ट कार्डावर. आतल्या पानांना चकचकीत कागद घेऊ नका. देवळातल्या ट्यूबलाइटखाली तो चमकतो आणि ओळ दिसत नाही. बांधणी सेंटर पिनची, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेली ठेवा. चिकटवलेल्या पाठीचा अंक रुबाबदार दिसतो, पण पेटीवर सपाट उघडा राहत नाही आणि दोन्ही हात गुंतलेल्या वादकाला तो निरुपयोगी ठरतो. सेंटर पिनला पाने चारच्या पटीतच लागतात, हे मजकूर ठरवतानाच लक्षात ठेवा. बेचाळीस पानांचा मजकूर झाला तर दोन पाने कापावी लागतील किंवा दोन भरावी लागतील.

टंकाचा आकार वापरावरून ठरवा. लेखाचा मजकूर बारा पॉइंट. अभंगाचे शब्द सोळा पॉइंट आणि ठळक, कारण अंक जमिनीवर मध्ये ठेवून तिघे-चौघे त्यावर वाकलेले असतात. एक अभंग एकाच उघड्या जोडपानावर संपला पाहिजे. गाताना पान उलटावे लागले की लय जाते.

सर्वांत जास्त चुका स्वरलिपीत होतात, म्हणून हे नीट समजून घ्या. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब, एका मात्रेतले स्वर जोडणारा खालचा अर्धचंद्र, समेला × आणि खालीला ० अशी चिन्हे असतात. लेखक फोनवर युनिकोडमध्ये टंकून पाठवतो. डीटीपी करणारा, म्हणजे संगणकावर पाने लावणारा, तो मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये रूपांतरित करतो. त्या फॉन्टमध्ये खालची रेघ किंवा टिंब यांना जागाच नसते, म्हणून रूपांतरात ती गळतात. शब्द सगळे शाबूत असतात, त्यामुळे मुद्रितशोधकाला काही खटकत नाही. पण कोमल रिषभ शुद्ध होतो, मंद्र धैवत मध्य सप्तकात येतो आणि विद्यार्थी चुकीचा राग पाठ करतो.

उपाय तीन. स्वरलिपी मजकुरातून वेगळी काढा आणि एकाच माणसाकडून युनिकोडमध्ये तक्त्याच्या रूपात बसवून घ्या, प्रत्येक मात्रेला एक रकाना. तो तक्ता पीडीएफ करून पानात चित्रासारखा जोडा, म्हणजे पुढे रूपांतर होणारच नाही. आणि मुद्रिताची तपासणी वाचून करू नका. चाल न ऐकलेल्या जाणत्या माणसाने छापलेल्या कागदावरून ती गाऊन दाखवावी. जिथे तो अडखळेल तिथे चूक असते. रुंदीचेही गणित आहे. पानावर मजकुराला सहा इंच मिळतात. त्रितालाच्या सोळा मात्रा एका ओळीत बसवल्या तर एका मात्रेला साडेनऊ मिलिमीटर येतात. त्यात दोन स्वर बसतात, चार नाहीत. चौपटीच्या ताना आठ-आठ मात्रांच्या दोन ओळींत तोडा. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा मात्र एका ओळीत मोकळ्या बसतात.

हक्कांचे पहा. संतांचे अभंग सर्वांचे आहेत, पण अलीकडच्या संपादकाने लिहिलेली टीका किंवा अर्थ त्याचा आहे. भावगीत, चित्रपटगीत किंवा हयात संगीतकाराची चाल परवानगीशिवाय छापता येत नाही. कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो. परवानगी लेखी घ्या, आणि तीच चाल क्यूआर कोडने ऐकवायची असेल तर त्या वापराचाही त्यात उल्लेख करून घ्या.

सदरांच्या जागा पक्क्या करा. मंडळाच्या मंडळींना अंक उघडल्यावर मधले जोडपान अभंगाचे, शेवटून तिसरे पान ठेक्याचे, हे न शोधता सापडले पाहिजे. मधले जोडपान अभंगाला देण्यामागे कारण आहे: पिनेपाशी अंक आपोआप उघडतो आणि तसाच राहतो.

मुखपृष्ठ आणि ओळख

खडेबाजार किंवा बसस्थानकाजवळच्या पेपर स्टॉलवर अंक दोरीला टांगलेले किंवा एकावर एक सरकवलेले असतात. दिसतो तो वरचा एकतृतीयांश भाग, पुष्कळदा फक्त डावी बाजू. नाव वर डावीकडे, सहा फुटांवरून वाचता येईल एवढे ठेवा. नावातल्या वेलांट्या, रफार, मात्रा कातरताना कापल्या जातात, म्हणून वरच्या कडेपासून किमान बारा मिलिमीटर जागा सोडा. हेच नाव फोनच्या पडद्यावर दीड सेंटिमीटर रुंदीत वाचता येते का तेही पाहा. नावाचे अक्षरवळण ठरले की तीन वर्षे त्याला हात लावू नका. रंग अंकागणिक बदलला तरी चालेल.

छायाचित्र एकच असावे, मोठे. इथल्या वाचकाला वाद्यावरचे हात जवळून पाहायला आवडतात. सत्काराचे, शाल-श्रीफळाचे रांगेतले छायाचित्र मुखपृष्ठावर घेऊ नका. त्यातल्या मंडळींपलीकडे कोणी तो अंक उचलत नाही. मुखपृष्ठावरच्या चार ओळींत वाचकाला आत काय मिळेल ते लिहा. ‘भक्तिसंगीत विशेष’ यातून काही कळत नाही. ‘काकड्याचे नऊ अभंग, चालींच्या स्वरांसह’ हे वाचून मंडळाचा माणूस खिशात हात घालतो.

विश्वास बसेल असे मजकुरात काय ठेवायचे

लहान गावात परीक्षण लिहिणारा आणि गाणारा एकमेकांना ओळखतात. त्यामुळे प्रत्येक मैफल ‘रंगतदार’ होते आणि परीक्षण कोणी वाचत नाही. नियम लिहून ठेवा: गायकाचा शिष्य, नातेवाईक किंवा कार्यक्रमाचा आयोजक परीक्षण लिहिणार नाही. कोणते राग, कोणत्या बंदिशी, साथीला कोण, ध्वनिव्यवस्था कशी होती, हे आधी यायला हवे, मत नंतर. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘प्रायोजित’ हा शब्द त्याच पानावर, शीर्षकाच्या वर छापा. चूक झाली तर पुढच्या अंकात ठरलेल्या जागी दुरुस्ती द्या, स्वरलिपीची तर अवश्य.

ब्रिटनमधल्या ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ने नोव्हेंबर १९५२ मध्ये त्या देशातली पहिली गाण्यांच्या खपाची यादी छापली. पद्धत साधी होती: सुमारे वीस दुकानांना फोन करून कोणत्या तबकड्या जास्त खपल्या ते विचारायचे आणि बेरीज करायची. त्या यादीने साप्ताहिकाचे नाव दर आठवड्याला लोकांच्या तोंडी आणले. सीमाभागात हेच करता येते. वीस मंडळे पक्की करा: बेळगाव तालुक्यातली आठ, खानापुरातली सहा, निपाणी-चिकोडीकडची चार, अथणी बाजूची दोन. दर एकादशीनंतरच्या दिवशी प्रत्येकाला फोन करून काल सर्वांत जास्त रंगलेले तीन अभंग विचारा. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक गुण. यादीसोबत मंडळांची गावे आणि मोजण्याची रीत छापा. दोन गोष्टी बिघडतात. काही काळाने मंडळे प्रत्यक्ष म्हटलेल्याऐवजी दुर्मीळ अभंग सांगू लागतात, आणि फोन करणारा कंटाळून जवळच्या पाच-सहा मंडळांवरच भागवतो. म्हणून मंडळातल्या दोन वेगळ्या माणसांना आलटून पालटून विचारा आणि नोंदवही जपून ठेवा. वर्षअखेरीला ती यादीच एका विशेषांकाचा कणा होते.

विशेषांकाचे मोल हाथरसच्या ‘संगीत’ने दाखवून दिले आहे. १९३५ पासूनच्या या हिंदी मासिकाचे एकेका विषयावरचे अंक लोक पुस्तकासारखे सांभाळून ठेवतात. आपल्याकडे ‘संगीत कला विहार’ गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांच्या जाळ्याशी जोडलेले आहे. आधीच जमलेल्या माणसांत उभे राहिलेले नियतकालिक कसे टिकते हे त्यावरून कळते. या दोन्हींशी स्पर्धा करू नका. त्यांत जे येत नाही, म्हणजे इथल्या मंडळांचे चालू काम, ते आपले.

पैशाचा हिशेब

खालचे आकडे गणित समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्यक्ष दर छापखान्याकडून घ्या. समजा द्वैमासिक, हजार प्रती, छपाई प्रतीमागे अडतीस रुपये. खर्च ३८,००० रुपये. किंमत साठ, वार्षिक वर्गणी तीनशे, म्हणजे वर्गणीदाराकडून अंकामागे पन्नास. चारशे वर्गणीदारांचे २०,०००. पोहोचवण्याचा खर्च सरासरी सहा रुपये धरला तर उरतात १७,६००. स्टॉलवर साडेतीनशे विकल्या, विक्रेत्याला तीस टक्के गेले, प्रतीमागे बेचाळीस मिळाले: १४,७००. पन्नास प्रती लेखक, जाहिरातदार, वाचनालयांना. दोनशे शिल्लक. जमा ३२,३००, छपाईतच ५,७०० कमी. मानधन, डीटीपी, फिरणे यांचे १२,००० मिळवले की जाहिरातींनी १७,७०० आणले पाहिजेत. मागचे मुखपृष्ठ आठ हजार आणि आतली दोन मुखपृष्ठे पाच-पाच हजार, असे १८,००० झाले तर अंक जेमतेम सुटतो. म्हणून छापखान्याकडून आठशे आणि हजार अशा दोन्ही प्रतींचे दर मागा. प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च तेवढाच राहत असल्याने प्रती कमी केल्याने खर्च त्या प्रमाणात उतरत नाही, पण न खपलेल्या दोनशे प्रती घरात रचून ठेवण्यापेक्षा ते बरे पडते.

जाहिरातदाराच्या डोक्यात भजनी मंडळाच्या वाचकाचे जुने चित्र असते: म्हातारा, खर्च न करणारा. ‘रोलिंग स्टोन’पुढेही असाच प्रश्न होता. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघालेल्या या नियतकालिकाचा वाचक म्हणजे लांब केसांचा हिप्पी, अशी जाहिरातदारांची समजूत होती. १९८५ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने स्वतःच्या जाहिरातींची मालिकाच काढली: एका बाजूला लोकांच्या मनातला वाचक, दुसऱ्या बाजूला खरा. आपणही एका पानाचे पत्रक करा. पडताळणीच्या वेळी विचारलेला खर्चाचा प्रश्न इथे उपयोगी पडतो. मंडळांनी गेल्या वर्षी पेटी, पखवाज, ध्वनिसंच, एकसारखे पोशाख, वारीची बस यांवर काय खर्च केला ते त्यात मांडा, गावांची नावे आणि अंकाच्या प्रती खऱ्या लिहा.

कोणाकडे कधी जायचे हेही ठरलेले असावे. महाविद्यालये आणि क्लास मे महिन्यात, पतसंस्था मार्चआधी आणि दिवाळीला, शहापूरचे सराफ व साडीवाले लग्नसराईआधी, कुंदा-मिठाईवाले गणपतीआधी, मिरजेचे तंतुवाद्य कारागीर परीक्षा झाल्यावर, जेव्हा पालक मोठे वाद्य घ्यायचे ठरवतात. छापील जाहिरातीच्या जागेवर पाच टक्के जीएसटी लागतो, अंकाच्या विक्रीवर लागत नाही. वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही. निम्मी रक्कम मजकूर घेतानाच घ्या. दिवाळीच्या जाहिरातीचे पैसे फेब्रुवारीपर्यंत रेंगाळतात आणि छापखाना तोवर थांबत नाही.

पोहोचवणे

नोंदणीकृत नियतकालिकाला टपालाची सवलत असते, पण तिची रूढ अट अंक एकतीस दिवसांच्या आत निघण्याची आहे, म्हणजे द्वैमासिक त्यात बसत नाही. तरीही पहिली दोन वर्षे द्वैमासिकच काढा. उशिरा येणाऱ्या मासिकापेक्षा तारखेला येणाऱ्या द्वैमासिकावर लोक विसंबतात. क्षेत्र आटोपशीर आहे. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी इथे एकेक केंद्र नेमा: वाद्यांचे दुकान, क्लास किंवा वाचनालय. बसच्या पार्सलने गठ्ठा जातो, केंद्रवाला फोन करून वर्गणीदारांना बोलावतो आणि वर्गणीवर दहा टक्के घेतो. अंक आषाढी, गणपती, दिवाळी यांच्या किमान वीस दिवस आधी हातात पडला पाहिजे. एकादशीला आलेला एकादशीचा अंक काही कामाचा नाही, चाल बसवायला वेळ लागतो. जून ते ऑगस्ट खानापूरच्या पावसात दमट हवेने मुखपृष्ठ वळते आणि पाने चिकटतात. त्या अंकांना प्लास्टिकची पिशवी आणि गठ्ठ्याला जाड कागदाचे आवरण द्या.

कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतली मराठी साहित्य संमेलने ही वर्गणीची हक्काची जागा. टेबलावर अंक, पावतीपुस्तक आणि एक पेटी ठेवा. अंकातली चाल तिथेच वाजवून दाखवली की माणसे थांबतात. दुकान किंवा केंद्राबाहेर फलक लावणार असाल तर किमान साठ टक्के मजकूर कन्नडमध्ये हवा, हा नियम कर्नाटकात २०२४ पासून कायद्यात आहे. फलक रंगवण्याआधीच तसा आराखडा करा.

फोनवर काय द्यायचे

अंकातला मजकूर जसाच्या तसा व्हॉट्सॲपवर टाकू नका. फोनवर तेच द्या जे कागदावर देता येत नाही: चालीचे ध्वनिमुद्रण, ठेक्याची बारा मिनिटांची आवर्तने, तानपुऱ्याचा स्वर. क्यूआर कोड निदान दोन सेंटिमीटरचा, भोवती पांढरी जागा सोडून छापा, आणि त्यामागचा दुवा नंतर बदलता येईल असा ठेवा, नाहीतर ध्वनिफीत हलवली की जुने सगळे अंक मुके होतात. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्याने तुमचा क्रमांक साठवलेला नाही त्याला संदेश जात नाही. पावती देतानाच क्रमांक साठवून घ्यायला सांगा.

वर्गणीदार वाढेना की फुकट वाटण्याचा मोह होतो. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ सप्टेंबर २०१५ मध्ये फुकट झाले. खप सुमारे पंधरा हजारांवरून तीन लाख प्रतींवर गेला, आणि मार्च २०१८ मध्ये छापील साप्ताहिक थांबले. फुकट घेणारा पुढचा अंक मागतोच असे नाही. मंडळाला दोन अंक नमुन्यादाखल द्या, तिसऱ्याला पावती.

नूतनीकरणाची तयारी पाचव्या अंकापासून करा. त्यात वर्गणीदाराच्या नावाची चिठ्ठी घाला, सहाव्यासोबत केंद्रवाल्याचा फोन, आणि पुढच्या वर्षाच्या पहिल्या अंकात कोणते अभंग आणि कोणते राग येणार ते आधीच सांगा. शंभरांतले साठ परत आले तर पाने वाढवण्याचा विचार करता येईल. त्याहून कमी आले तर न परतलेल्या प्रत्येकाला फोन करा, आणि गेल्या सहा अंकांपैकी कोणते पान प्रत्यक्ष वापरले एवढेच विचारा. मग ज्या पानाचे नाव कोणी घेत नाही ते पुढच्या अंकातून काढा.